कापसाचा शास्त्रशुद्ध खुराक

मसुरे, १२ जानेवारी १९६४
सशाचं पिल्लू घरी आलं. पांढरं, मुठीएवढं. आमच्या शाळा कमिटीचे चेअरमन अप्पा, त्यांच्या नातीचं. नात मुंबईला परतली, पिल्लू इथेच राहिलं. काल मीटिंगमध्ये अप्पा विचारत होते की ह्याका खाऊक काय घालूचा. मी सहज म्हणालो, हा शास्त्रीय आहाराचा प्रश्न आहे. एवढंच म्हणालो! आज सकाळी पिंजऱ्यासकट ससा माझ्या ओसरीवर. अप्पा म्हणाले, मास्तरांनू, तुमका शास्त्र कळता, नात मे म्हयन्यात येयसर तुमच्याकडेच ऱ्हवांदे.
नाही कसं म्हणणार? मी शास्त्राचा शिक्षक, पण अजून टेंपररी. जूनपासून मला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे अप्पांच्या हातात आहे.
खरं म्हणजे संधीच आहे. ससा गुबगुबीत झाला की मी कायम झालो. पिल्लाचं नाव कापूस.

१५ जानेवारी
शाळेच्या कपाटात ससेपालनाचं इंग्रजी पुस्तक मिळालं. लहान सशाला पेलेट द्यावेत. पेलेट म्हणजे सगळं पोषण दाबून केलेल्या गोळ्या, एका रंगाच्या, एका मापाच्या. रंगीबेरंगी दाण्यांचं मिश्रण वाईट, कारण ससा आवडेल तेवढं वेचतो आणि बाकीचं टाकतो. (नववी ब असंच करते.) वाढत्या वयात प्रोटीन जास्त हवं.
यापुढची पानं वाळवीने खाल्ली आहेत. हरकत नाही. तत्त्व कळलं की पुढचं माणसाने बुद्धीने भरून काढावं.
कावेरी (सौ.) म्हणाली, तेका गवात घाला मरे, पुस्तक कित्याक व्हया? मी हसून सोडून दिलं.

२० जानेवारी
अप्पांच्या मुलाने मुंबईहून सशासाठी डबा पाठवला. उघडला तर रंगीत दाणे! ताबडतोब नापास. मालवणात चौकशी केली, पेलेट कोणी ऐकलेलेही नाहीत. एकाने कोंबड्यांची भरड दाखवली. नापास.
निश्चय : पेलेट घरी करणार. रोज पहाटे पाचला उठून.

२१ जानेवारी
आठला उठलो. थंडी होती.

२६ जानेवारी
झेंडावंदन आटोपून कामाला लागलो. भाताचा कोंडा, खोबऱ्याची पेंड, वाळलेलं गवत कुटून. राहता राहिलं प्रोटीन. आठवडाभर डोकं खाजवत होतो, आणि उत्तर आमच्याच शिंक्यावर टांगलेलं. सुका जवळा! आपण सगळे त्याच्यावरच वाढलो की नाही? कुठल्या इंग्रजाला हे सुचलं असतं?
गोळ्या पाडायला शिरवाळ्यांचा, म्हणजे तांदळाच्या शेवयांचा, साचा घेतला. उत्तम लांब दोऱ्या पडल्या, त्या उन्हात वाळवून कातरीने तुकडे केले. दृष्ट लागेल असे पेलेट.
कावेरी विहिरीवरून आली आणि किंचाळलीच. माझ्या शिरवाळ्यांच्या साच्यात जवळो? आता हेच्यातले शिरवाळे देवाक कसे दाखवू मी? संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. विज्ञानाचा मार्ग एकट्याचाच असतो.

२७ जानेवारी
कापसाने पेलेट हुंगला, शिंकला, पाठ फिरवून बसला. नवीन अन्न, सवय लागायला वेळ लागणारच. रात्री बशी भरून पिंजऱ्याच्या गजांना टेकवून ठेवली.

२८ जानेवारी
बशी चाटूनपुसून साफ!!

३ फेब्रुवारी, सोमवार
कावेरीने बजावलं की आज शिवराक, घरात मासळीचं नावसुद्धा काढायचं नाही, सशासाठीही नाही. वाद घातला, हरलो. बिनजवळ्याच्या गोळ्या केल्या, मनातून हळहळत. कापसाने माझ्यादेखत सगळ्या मटकावल्या, आणखी मागितल्या.
निष्कर्ष : जनावर श्रद्धाळू आहे. सोमवार पाळतं.

११ फेब्रुवारी
शेजारच्या दाजींची मांजरी रोज आमच्या ओसरीवर मुक्कामाला असते. पिंजऱ्याला चिकटून बसते, आत पंजा घालते. कापसावर तिचा फार जीव जडलेला दिसतो. ती हल्ली अंगानेही भरली आहे. कावेरीत मात्र वेगळाच बदल. अचानक देवभक्ती वाढली आहे. रोज ओटीभर दुर्वा खुडून आणते. आमच्या देव्हाऱ्यातला गणपती सुपारीएवढा. पण श्रद्धेच्या बाबतीत मी कधी बोलत नाही.

२३ फेब्रुवारी
आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा. सगळं गाव तिकडे, मी ओसरीवर. अप्पा येता-जाता डोकावतील अशी भीती. ढोल इथपर्यंत ऐकू येत होते. कापूस गजांतून बाहेर बघत होता, मीही बघत होतो. नक्की कोण कोणाला सांभाळतंय, असा विचार मनात आला. लगेच झटकला.
ठरवलं, पुढच्या वर्षी कायम झालेला मास्तर म्हणून जत्रेला जायचं, नवीन कोट घालून.

१४ मार्च
कसालला मेव्हण्याचं लग्न. कावेरी चार दिवसांसाठी गेली. मला जाता येत नाही. जाताना दहा वेळा सांगून गेली, तेका भायर सोडा, जरा चरांदे. बाहेर सोडून कोल्ह्याने नेला तर अप्पांना काय सांगू? पिंजरा बंदच.

१६ मार्च
कापूस हलत नाही. कोपऱ्यात अंग फुगवून बसला आहे. कावेरी नाही, त्यामुळे आज सोमवारची सूट बंद, म्हणजे पोषणात खंड नाही. बशी रोज साफ होते, तरी हाडं लागतात हाताला. समजत नाही. जवळ्याचं प्रमाण दुप्पट केलं.

१७ मार्च
डोळे मिटून पडून आहे. मांडीवर घेतला तर मानही उचलेना. हा गेला तर माझी नोकरी गेली. दुपारपर्यंत नोकरीचाच विचार करत होतो. मग त्याने माझ्या बोटावर नाक टेकवलं आणि मी चक्क रडलो. देवा म्हाराजा, ह्याका वाचव, बाकी काय ता मागाहून बघू, असं मोठ्याने म्हणालो. दाजी कुंपणाच्या गडग्यावरून बघत होते. बघू देत.

१८ मार्च
कावेरी आली. कापसाला बघून पिशवी तिथेच टाकली, लग्नाच्या साडीवरच दुर्वा खुडायला धावली. अशा प्रसंगी पूजा! पण बाईमाणसाला तोच आधार. मी थकून झोपलो.

१९ मार्च
कापूस उड्या मारतो आहे! दुप्पट जवळा अखेर लागू पडला. उशिरा, पण पडला. यावर लेख लिहायचा विचार आहे.

३ मे
अप्पा, नात आणि कमिटीचे आणखी दोघे आले. कापूस चांगला टुणटुणीत. अप्पा खूश. म्हणाले, काय घालतास, आमकाय दाखवा. हाच तो क्षण! मी पेलेटवर पाच मिनिटं बोललो, पिंजऱ्याचं दार उघडून बशी पुढे सरकवली. कापसाने तोंड फिरवलं. दाजींची मांजरी कुठून तरी आली, सगळ्यांच्या देखत बशीत तोंड घालून कटाकटा खाऊ लागली. नात टाळ्या पिटायला लागली. अप्पांनी एक पेलेट उचलून वास घेतला आणि माझ्याकडे बघतच राहिले. मास्तरांनू, सशाक जवळो?
तेवढ्यात कावेरी चहा घेऊन आली. कापूस पिंजऱ्यातून तिच्या पदराकडे झेपावला. पदरात दुर्वा होत्या. पूजेच्या असाव्यात. त्याने त्या सगळ्या तिच्या हातून खाल्ल्या.
अप्पा पोट धरून हसले. म्हणाले, कावेरी, तुझ्या हातात गुण आसा गो. जाताना माझ्या पाठीवर थाप मारली. माझं काम झाल्यात जमा आहे. मांजरीमुळे थोडा घोळ झाला, पण अप्पा जाणते आहेत.

२४ मे
अजून ऑर्डर नाही. सरकारी कागद सावकाश चालतात.

२ जून
अप्पांनी बोलावलं. कोट घालून गेलो. गावात बालवाडी सुरू होते आहे, तिथे बाई हवी होती. अप्पा म्हणाले, मुका जनावार जिच्या हातान खाता, तिच्याकडे पोरांका रडूची गरज नाय. कावेरीची नेमणूक झाली. सातवी पास चालते म्हणाले.
मी माझ्याबद्दल विचारलं. शास्त्राला कोल्हापूरचा बी.एस्सी. मिळाला आहे. पुढे कधी जागा निघाली तर बघू म्हणाले. सशाचंही विचारलं. नातीला आता पोपट हवा आहे. ससो तुमचोच समजा, म्हणाले.
कोट अंगावर तसाच ठेवून घरी आलो. कावेरीला सांगितलं. ती आधी हसली, मग माझ्याकडे बघून म्हणाली, जेवतास ना?

१० जून
कावेरी सकाळी नवीन लुगडं नेसून गेली. जाताना दुर्वा कुठल्या कोपऱ्यात चांगल्या मिळतात ते दाखवून गेली. जवळा घालू नका म्हणाली नाही. साचा मात्र कुलपात ठेवून गेली.
दिवसभर घरात आम्ही दोघेच. मी स्वतः दुर्वा खुडल्या, धुतल्या, निवडल्या, हातावर धरून बसलो. बराच वेळ. कापसाने हुंगल्या, आणि माझ्या हाताकडे पाठ करून दाराकडे तोंड केलं.
दाजींनी विचारलं, बाई कधी येतली? चारला, म्हणालो.
तीनपासूनच मीही दाराशी बसलो.