नऊ नंबरची जागा

५ जाने.
पुन्हा डावीकडं, मिडफिल्डला. नव्वद मिनिटं पळले, गोलवर शॉट शून्य. अबेनाचे दोन गोल. क्लबनं तिला घानाहून सोलापुरात आणल्यापासून पुढची, नऊ नंबरची जागा तिची, हा दुसरा सीझन. त्याआधी माझी होती. जिंकलो म्हणून नाचायचं. नाचले.
घरून, मैंदर्गीहून बापूंचा फोन. "रेणे, गोल किती मारलं?" एकपण नाही म्हटलं. "लई दिस झालं की गं."

९ जाने.
भारतीय संघाचे कोच मॅच बघायला आलेले. आमच्या सरांना म्हणाले, "गोल मारणारी पोरगीच सापडेना. जिथं जावं तिथं नऊ नंबरला परदेशी." मी तीन पावलांवर. अहो, मी आहे की, एवढं बोलायचं होतं. शेपूट घातलं आणि बाटलीतलं पाणी पीत बसले.

१० जाने.
कालचा राग अबेनावर. आमची खोली एकच, त्यामुळे अबोला धरायचा म्हणजे फारच कष्टाचं काम. संध्याकाळी तिनं कडक भाकरी मोडून अर्धी पुढं केली. वर शेंगाचटणी, जी तिला रोज लागते. "काय झालंय?" सांगून टाकलं सगळं. मला वाटलं चिडेल. म्हणाली, उद्यापासून प्रॅक्टिस झाल्यावर अर्धा तास थांब. तू फॉरवर्ड, मी डिफेंडर.

१८ जाने.
गोलकडं पाठ, बॉल पायात, मागून तिचे धक्के. तसंच उभं राहायचं. जमत नाही. हातानं ढकलते, की फाउल. "हात नको, कंबर लाव!" कंबर मोडायची वेळ आली.

२६ जाने.
झेंडावंदन झाल्यावर तिला घेऊन मैंदर्गीला. संध्याकाळी शेळ्या चरून आल्या. कोंडलेली करडं एकेक करून आपापल्या आईकडं सोडायची असतात. कोंडीच्या दारात पाठ लावून उभी राहिले. मागून वीस-बावीस करडं ढुशा देतात, ती कमरेनं न् मांडीनं थोपवायची, कारण हात पुढचं करडू शेळीला लावण्यात गुंतलेले. लहानपणापासून करते. अबेना एकदम किंचाळली, "हेच! हेच सांगत होते मी!"
पंधरा दिवस घाम गाळला आणि हे डोक्यात आलं नाही. डोकं आहे की खोकं!
मग ती उभी राहिली दारात. एक करडू निसटलं नाही. बापू खूश. "हिला ऱ्हाऊ दे हितंच. तू जा सोलापूरला."

३ फेब्रु.
सराव सामना. अबेनानं सरांना गळ घातली, हिला माझ्याविरुद्ध पुढं खेळवा. पाठीवर ती, पायात बॉल. हलले नाही. मग वळले आणि मारला. गोल! सगळ्यात आधी तीच धावत आली. रडले मी, लाज वाटली नाही.
ती नसती तर दोन वर्षं मीच पुढं खेळले असते. पण असं खेळले नसते. दोन्ही खरं. आज फक्त तिचे उपकार आठवतायत.

१२ फेब्रु.
भारतीय संघाच्या शिबिरासाठी फॉर्म आलाय. खेळायची जागा एकच लिहायची. सर म्हणाले, "मिडफिल्ड लिही, निवड पक्की समज. फॉरवर्ड म्हणून दोन वर्षांत तुझ्या नावावर एक मॅच नाही." चुकीचं नाही ते. अबेना म्हणे, तुझं तू ठरव. बापूंना विचारलं. "तुला काय येतंय, ते लिव्ह की."
सेंटर फॉरवर्ड लिहिलं. पाठवला.

२० फेब्रु.
क्लबनं अबेनाचा करार आणखी दोन वर्षांसाठी वाढवला. तिनं आधी मला येऊन सांगितलं. मी तिला उचलून गरागरा फिरवलं, खालून घरमालकीणबाई बघायला आल्या. मनापासून आनंद झाला, अजून आहे.
भांडी घासताना लक्षात आलं, म्हणजे क्लबात मी अजून दोन वर्षं डावीकडंच. पुढं खेळायला मिळालं तर फक्त भारताकडून. शिबिराची यादी उद्या लागणार.
तिच्याही लक्षात आलं असणार. माझ्या हातातलं ताट घेऊन पुसायला लागली. मग विचारलं, "नाव नसलं तर रागावशील माझ्यावर?"
नाही म्हटलं, लगेच. खरं काय ते मलाही उद्याच कळेल.