पॅराग्वेच्या मॅचला मी किचनमध्ये

प्रिय नलू,

आज दुपारी तुझा टॅब वाजला. तू जाऊन आठ महिने झाले, तो ड्रॉवरमध्येच पडून होता. काल तुझे फोटो शोधायला चार्ज केला, आणि आज त्यावर सूचना: पॅराग्वेची मॅच सुरू होतेय!

मी टीव्ही लावला, आवाज मोठा केला आणि सवयीने किचनमध्ये जाऊन बसलो. पाच मिनिटांनी ओरडलो, "किती झाले गं?"

मग लक्षात आलं. नलू, टीव्ही एवढा ओरडत असूनही घर एवढं शांत असतं? राहवेना, म्हणून लिहायला बसलोय.

हे बीच सॉकरचं वेड तुला कुठून लागलं, आठवतं? गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, बाहेर आपल्या या अमेरिकन गावाचा, नोव्हायचा बर्फ, तू सोफ्यावर पडून, आणि टीव्हीवर पाच-पाच अनवाणी माणसं वाळूत फुटबॉल खेळतायत. मी म्हटलं, "हा काय पोरखेळ!" तर तू म्हणालीस, "अहो, या पॅराग्वेवाल्यांच्या देशाला समुद्रच नाही, तरी बघा कसे खेळतात! आमच्या नागपूरलाही कुठे आहे समुद्र?" झालं! त्या दिवसापासून ती तुझी पोरं.

मी रत्नागिरीचा, लहानपण वाळूत लोळण्यात गेलेलं. आणि तू मला शिकवणार, की वाळूत बॉल नीट घरंगळत नाही म्हणून तो सारखा हवेत उडवायचा असतो! कुणी उलटी उडी मारून किक मारली की गुडघा विसरून उठायला बघायचीस. मीच ओरडून तुला खाली बसवायचो.

एकदा मी चहा घेऊन आलो आणि नेमका तुझ्या पोरांवर गोल झाला. "जा बरं तुम्ही तिकडे! तुमचा पायगुणच वाईट." पुढच्या मॅचला पुन्हा तेच. मग ठरूनच गेलं, मॅच असली की मी किचनमध्ये. मी आतून विचारायचं, तू स्कोर ओरडायचा. इथल्या मराठी मंडळात हा किस्सा तू किती रंगवून सांगायचीस!

आज अ‍ॅशबर्नला सायलीला फोन केला. म्हटलं, बापाचा वेडेपणा ऐकून पोरगी हसेल. ती हसली नाही.

"बाबा, शी वॉज जोकिंग! आई मला मेसेज करायची, 'आजही उठून गेले.' तिला वाटायचं, तुम्ही भांडून परत येऊन बसाल. पण तुम्ही कधी आलाच नाहीत."

आता तुला खरं सांगतो. पायगुणावर माझा कसला विश्वास! तू हाकललंस की मला सुटल्यासारखं वाटायचं. आत निवांत फोन बघत बसायचो. छत्तीस मिनिटांचा तर खेळ गं! तेवढाही तुझ्याजवळ बसलो नाही.

आणि तू तरी काय? माझे मोजे, चष्मा, गोळ्या, सगळं आयुष्यभर ओरडून सांगितलंस. "बसा ना" एवढं सांगायला काय झालं होतं?

फोन ठेवला तोवर मॅच संपली होती. कोण जिंकलं ते पाहिलंच नाही. सायली म्हणते, इकडे या राहायला. जाईनही. पण आज फार एकटं वाटतंय गं.

एक वचन देतो. पुढच्या मॅचला मी पहिल्या मिनिटापासून सोफ्यावर बसणार, तुझी जागा सोडून, पलीकडच्या कडेला. तुझ्या पोरांवर दहा गोल झाले तरी बेहत्तर. आता मला कितीही हाकल, मी उठणार नाही.

तुझा,
वसंत