नवशिक्याच्या हातची सुशी

आदरणीय ताई,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे आता जिना चढू देतात का, आणि साडूबुवांचा खोकला त्यांना बातम्या नीट ऐकू देतो का, ते कळवावे. आम्ही इथे ठीक आहोत. (हे वाक्य मी फोनवरही म्हणतो आणि त्यावर तुम्ही नुसत्या गप्प बसता, म्हणून या वेळी सविस्तर लिहितो.)

तुमची बहीण बोलते, चालते, आता तर माझ्या चुकाही पुन्हा पूर्वीसारख्या काढते. पण अर्धांगाचा झटका आल्यापासून उजवा हात मांडीवर ठेवला की ठेवलेलाच राहतो. जिने जन्मभर लोकांच्या खिडक्यांचे पडदे शिवले आणि कुठे सूतभर तिरकी शिलाई दिसली तर परक्याच्या घरी पाहुणी असतानाही ती उसवायला घेतली, तिला व्यायामाच्या दवाखान्यातली मुलगी रबरी चेंडू दाबायला सांगते. तो चेंडू सध्या कपाटाखाली आहे. (आपोआप गेला, असं तुमच्या बहिणीचं म्हणणं.) मुलगी बिचारी म्हणाली, चेंडू नको तर नको, आवडीचं काहीही करू दे, पण बोटं वळली पाहिजेत. आता आवडीचं म्हणजे शिवण, आणि शिलाई मशीन ज्या खोलीत आहे त्या खोलीचं दार ती हल्ली उघडतही नाही. मी आग्रह केला नाही. आग्रह केला की ती भिंतीकडे तोंड करून झोपते, आणि मग मला घरात कुठे उभं राहावं ते कळत नाही.

अशात एकदा त्याच दवाखान्यात नंबर येण्याची वाट बघत बसलो होतो. समोर टीव्हीवर 'घरच्या घरी सुशी, अगदी नवशिक्यांसाठी' असं काहीतरी चाललं होतं. एक गृहस्थ बांबूच्या छोट्या चटईवर काळपट हिरवा, शेवाळाचा कागद ठेवून, त्यावर भात पसरून त्याची गुंडाळी करत होते. मी डुलकी काढण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात तुमची बहीण एकदम म्हणाली, "कड जुळली नाही त्याची." ताई, कितीतरी दिवसांत तिने जगातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल स्वतःहून काढलेला हा पहिला शब्द. मी परतताना दुकानात शिरलो आणि ती चटई घेऊनच बाहेर आलो.

तुम्हाला माहीत आहे, मी गाडी शिकवणारा माणूस. आजवर नवशिक्यांच्या शेजारी बसलो, माझ्या बाजूचा जादा ब्रेक दाबला आणि मनातल्या मनात त्यांची कीव केली. आता मी स्वयंपाकघरात नवशिका आणि शेजारच्या खुर्चीत तुमची बहीण. माझा बेत असा होता की दोन-तीन गुंडाळ्या चांगल्या करायच्या आणि मग मुद्दाम एखादी बिघडवायची, म्हणजे तिला राहवणार नाही आणि ती हात पुढे करेल. या बेतातला चांगल्या गुंडाळ्यांचा भाग शेवटपर्यंत आलाच नाही.

पहिल्या खेपेला मी घरातलाच लांब दाण्याचा तांदूळ शिजवला. त्याचा दाणा न् दाणा मोकळा झाला, आणि चटई उचलली तसा सगळा भात ओट्यावरून खाली पळाला. मग चिकट, आखूड दाण्याचा तांदूळ आणला, पाणी नितळ होईपर्यंत धुतला, शिजवला, त्यात व्हिनेगर, साखर, मीठ घातलं. पण गार होऊ द्यायचा हे ऐकूनही घाई केली. गरम भाताखाली तो शेवाळाचा कागद ओल्या वर्तमानपत्रासारखा बसला. तिसऱ्या खेपेला हात ओले करायचे राहिले. भात कागदापेक्षा माझ्या बोटांना जास्त चिकटला, आणि त्याच वेळी माझ्याकडे गाडी शिकणाऱ्या एकाचा फोन आला. (तो फोन आता मी नखाने खरवडून वापरतो.) त्यानंतरच्या गुंडाळीत काकडी, गाजर आणि दुकानदाराने आणखी जे जे सुचवलं ते सगळं भरलं. ती मधोमध अशी फुगली, की आमच्या गल्लीतल्या कुत्र्यानेही तिच्याकडे पाहून मान फिरवली. कच्चा मासा मी वापरला नाही. माशाशी माझं काही वैर नाही, मग त्याला या प्रकरणात का ओढायचं?

एवढा वेळ तुमची बहीण तोंडाने गाडी चालवत होती. भात कडेपर्यंत नको, पलीकडची पट्टी मोकळी ठेवा, थर पातळ करा. मी मान डोलवायचो आणि नेमकं उलट करायचो. (मुद्दाम नव्हे. तेवढी अक्कल तेव्हा शिल्लक नव्हती.) शेवटी मी चटईसकटच गुंडाळी वळायला लागलो. चटई भातात शिरली आणि बाहेर यायला तयार होईना.

"अहो, थांबा! चटई मागे ओढा. मागे! सरका तिकडे."

आणि ती उठली. डावा हात आधी आला. एका हाताने चटई तिरकी होते हे तिला दिसलं, आणि मग ताई, एरवी मांडीवर पडून राहणारा तो उजवा हात उठला आणि ओट्यावर आला. माझा पाय खाली ब्रेक शोधत होता. अंगठा चटईखाली गेला. बोटं वर थरथरत राहिली, मग एकेक करून वळली. पुरती नाही, पण वळली. तिने दाबलं, पुढे ढकललं, पुन्हा दाबलं.

"पाणी लावा," ती म्हणाली.

मी माझे हात वाटीत बुडवले.

"तुमच्या नाही. माझ्या."

मी तिच्या बोटांना पाणी लावलं. गुंडाळी एका टोकाला सैल झाली होती. ती गुंडाळीकडे बघतच नव्हती, हाताकडे बघत होती. कापायचं काम मी केलं. सुरी बोथट होती, त्यामुळे निम्मे तुकडे चिरडले. उरलेले आम्ही ओट्यापाशी उभ्यानेच खाल्ले. सोबत जे हिरवं तिखट असतं, ते कणभर घ्यायचं हे मला ठाऊक नव्हतं. दोघांच्याही डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या, आणि त्या तिखटानेच लागल्या असं आमचं दोघांचं ठरलं आहे.

प्रकृतीला जपावे. साडूबुवांना नमस्कार.

आपला,
बहिणीचा नवरा

ता. क. : पुढच्या महिन्यात तुम्ही तिला कायमची तुमच्याकडे न्यायला येणार आहात. मला एकट्याला झेपत नाही, हे तुमचं म्हणणं खरं आहे, आणि तेव्हा मी होही म्हटलं होतं. पण आता नेऊ नका. एवढंच लिहायचं होतं. वरचं सगळं ते लिहिण्याचा धीर यावा म्हणून लिहिलं.

आणखी ता. क. : तिला यातलं काही सांगितलेलं नाही. कृपया फोनवर बोलू नये.

ताई, पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडे दिलंय. बोटांना व्यायाम म्हणे. अक्षर वेडंवाकडं आहे, लावून घे. मूठ थोडी थोडी आधीच वळत होती. हे शिकवायला बाहेर गेले की मी एकटी करून बघायचे. ह्यांच्यासमोर नाही जमलं तर ह्यांचं तोंड बघवत नाही. तू ये, चार दिवस राहा. मी कुठे येत नाही. आणि सुशी मला मुळीच आवडत नाही, पण ते ह्यांना सांगू नकोस. आत्ता कुठे ह्यांचा हात बसतोय.