मोदकाचा आग्रह

अप्पा, काल नात अभ्यास करता करता विचारत होती, सँक्शन म्हणजे मंजुरी आणि सँक्शन म्हणजे बंदीसुद्धा, असं कसं गं आजी? मी म्हटलं, माझे वडील पनवेलच्या शाळेत असेच शब्द गोळा करायचे. मग घरात नेहमी सांगते ती साहेबांच्या जेवणाची गोष्टही सांगितली. ती खूप हसली. तेव्हापासून मला चैन नाही.

त्या वर्षी तुम्हाला कायम करायचं की नाही, हे तपासणीला येणाऱ्या साहेबांच्या शेऱ्यावर होतं. आणि तुम्ही त्यांच्यासमोर नेमका तोच नाद काढलात. फळ्यावर डस्ट लिहिलंत. धूळ झटकली तरी डस्ट, पिकावर औषधाची पूड मारली तरी डस्ट, म्हणजे काढणंही तेच आणि टाकणंही तेच, असं रंगात येऊन सांगत होतात. साहेब म्हणाले, "मास्तर, पोरांना उलटंसुलटं शिकवू नका. असं कुठे असतं का?" जाडजूड डिक्शनरी तुमच्या टेबलावरच होती. नुसतं पान उघडून दाखवायचं होतं. तुम्ही म्हणालात, "चुकलं साहेब," आणि फळा पुसलात. मुलं हसली. मी तिसऱ्या बाकावर, तुमची मुलगी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी साहेब आपल्याकडेच जेवायला. आईनं सकाळपासून खपून उकडीचे मोदक केलेले, वाढायला मी. पाहुण्याच्या पहिल्या 'नको'ला आपल्यात कोण विचारतं? दुसऱ्यालाही नाही. तो पानावर आडवा पडायला आला की मग थांबायचं. साहेब रीतीप्रमाणे म्हणाले, "नको, नको, पुरे." मी "बरं" म्हटलं आणि पुढे गेले. परत आले, पुन्हा "नको", पुन्हा "बरं". तुम्ही माझ्याकडे बघत होतात आणि मी मुद्दाम बघत नव्हते. शेवटी तुम्ही उठून माझ्या हातातलं ताट घेतलंत, पण तोवर साहेब उत्तरापोशन घेऊन उठलेही होते.

त्यांना पोचवायला गेलेला शिपाई परत येऊन म्हणाला, "मास्तर, सायेब ष्टँडवर भजी खात हायेत."

तुम्ही मला स्वयंपाकघरात बोलावलंत. आवाज चढवला नाहीत. "शाळेत मान खाली घातली ती तुमच्या पोटासाठी. त्याचं मला काही नाही. पण माझ्या घरून माणूस उपाशी उठला. आता ही मान कुठे घालू?" आई पदरानं डोळे पुसत उरलेले मोदक झाकत होती. ते संध्याकाळी कुणीच खाल्ले नाहीत.

त्या वर्षी तुम्ही कायम झाला नाहीत. साहेबांनी काय लिहिलं, देव जाणे. पुढे झालात, पण तुम्ही तो नाद सोडलात, निदान माझ्यासमोर तरी एकही शब्द पुन्हा काढला नाहीत.

आणि मी ही गोष्ट जन्मभर मिरवली. माहेरी, सासरी, लग्नकार्यात. माझ्या अप्पांचा अपमान केला म्हणून बारा वर्षांच्या पोरीनं साहेबाला कसं उपाशी उठवलं. सगळे म्हणतात, बापाची खरी लेक. कालही मी तसंच सांगितलं. हा कागद पोस्टात टाकायचा नाही, म्हणून लिहिते. अप्पा, साहेबांचा मला राग नव्हताच. तुमचा आला होता. तुमची मान आणखी खाली जावी, एवढंच मला त्या दुपारी हवं होतं.