चौथ्या आणि पाचव्या खुणेच्या मधे

वाशी, मंगळवार

प्रिय दैवशाला,

तेराव्याला येऊन गेलो, पण तुझ्याशी धड एक शब्द बोललो नाही. तुझ्या सासूबाई आल्यागेल्याला सांगत होत्या, सुनेनं सकाळी भांडण काढलं अन् दुपारी माझ्या श्रीनाथनं तलावात जीव दिला. पोहता येत नसताना कोण पाण्यात शिरतं, असं त्याच विचारत होत्या. तू चुलीपाशी मान खाली घालून ऐकत होतीस. अगं, उलटून बोलायचं तरी! पण तुला काय बोलू, गप्प तर मीही बसलो होतो.

चैत्रातली गोष्ट आठवते ना? टँकर हवा तर तलावात पाणी किती उरलंय ते लिहून द्या, असं तहसीलातून पंचायतीला कळवलं होतं. मी म्हटलं, त्यात काय, बारावीच्या वर्गात हेच तर शिकवतो. तलावावर आडवा दोर ताणला, वीस-वीस फुटांवर चिंध्या बांधल्या. श्रीनाथराव ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून प्रत्येक चिंधीखाली बांबू सोडायचे आणि मी काठावर खोली लिहून घ्यायचो. तळ वाकडातिकडा असतो. आपण खुणा सरळ रेघांनी जोडतो, मधे समलंब चौकोन पडतात, त्यांची क्षेत्रफळं मिळवली की अंदाज निघतो. त्यांना याची भारी गंमत वाटली होती.

चौथ्या आणि पाचव्या खुणेच्या मधे ते थांबले. मला ते सरच म्हणायचे. म्हणाले, "सर, इथं पाणी लई काळं दिसतंय, मधे एक बार टाकू का बांबू?" ऊन मी म्हणत होतं. मी शहाणपणा केला. म्हटलं, एवढ्यातेवढ्यानं उत्तरात फरक पडत नाही, चला पुढं. वर हसलोही त्यांना. आणि उत्तरात खरंच फार फरक पडला नसता, हेच मला खातंय.

तिथं मुरमाचा खड्डा होता. त्यांना बाहेर काढणारे म्हणाले, दोन पुरुष खोल. चौथ्या खुणेला चार फूट, पाचव्या खुणेला साडेचार, आणि माझ्या कागदावर मधे सरळ रेघ. मुरूम कुणी उकरून नेला ते आता कुणी कबूल करत नाही. त्याच्यावर ढकलून मी सुटत नाही.

आता जे लिहायचं ते लिहितो. त्या दिवशी साडेबाराला त्यांचा मला फोन आला होता. तलावात सोडलेल्या मोटारीच्या पाइपाच्या तोंडात शेवाळ अडकलं होतं आणि ट्यूब पंक्चर होती. चौथ्या-पाचव्याच्या मधून चालत गेलं तर चालंल का, असं विचारत होते. मी स्टाफरूममधे कागद काढून बघितला आणि सांगितलं, पाणी छातीच्या वर नाही, बिनघोर जा. म्हणाले, "बरं झालं, लौकर उरकतो. दैवशाला सकाळधरनं रुसलीय, तिला भूमच्या बाजारला न्यायचंय." एक मिनिट दहा सेकंदांचा फोन, माझ्या मोबाइलात नोंद आहे. हे पत्र सासूबाईंना वाचून दाखव, लपवू नकोस. गुरुवारी मी येतोय आणि पारावर सगळ्यांसमोर हेच सांगणार आहे. मला शिव्या घाल, राखी बांधू नकोस. पण त्यांनी जीव दिला नाही, बाई. त्यांनी मला विचारलं होतं, आणि मी जा म्हणालो.

तुझाच,
रणधीरदादा