दर वेळी डावीकडेच?

प्रिय मुंगी,

तुझी चुलतबहीण, आमचा आठ वर्षांचा भोंगा, आज दवाखान्यातून घरी आला आणि दारातच आईवर खेकसला. तुझ्या काकूला रडू कोसळलं. या घरात पोरीच्या आरडाओरड्याने कुणाला आनंद व्हायची ही पहिलीच वेळ.

तीन वर्षांत चारदा तिची मान सुजली. दर वेळी नवा डॉक्टर, नवी चीर, तोच पू आणि तोच दिलासा, की आता काळजी नको. मी तेवढ्यात डॉक्टरांवर दोन विनोदी लेख पाडले. पाचवी डॉक्टर तू. तू मात्र मानेला हात लावायच्या आधीच विचारलंस, ‘काका, दर वेळी डावीकडेच?’ हे त्या चौघांना सुचलं नव्हतं. मलाही नाही, आणि मी तर बाप!

पुन्हा पुन्हा एकाच बाजूला म्हणजे मूळ आत कुठेतरी, असं म्हणून तिला ते पांढरं औषध पाजून एक्स-रे काढलास. घशातून खाली निसटलेली केसाएवढी रेघ दाखवलीस. म्हणालीस, आईच्या पोटात पहिल्या काही आठवड्यांत सगळ्यांच्याच मानेत माशाच्या कल्ल्यांसारख्या घड्या असतात, पुढे त्या मिटतात. हिची एक वाट मिटायची राहिली, गिळलेलं तिच्यात झिरपतं. जन्मभर मी लोकांची व्यंगं काढत आलो. पण आपण सगळे धडधाकट निपजलो ते इतक्या बारीक वाटा वेळेवर बुजल्या म्हणून, हे मला त्या दिवशी कळलं.

ती वाट मुळासकट काढायची, आणि आवाजाची नस तिला अगदी खेटून. नस दुखावली तर भोंगा कायमचा घोगरा, हे तू लपवलं नाहीस. चार तासांनी बाहेर आलीस, गालांवर मास्कचे वळ. ‘नस शाबूत आहे, काका. आता चहा पाजा.’

आज फाइल चाळताना माझीच चिठ्ठी सापडली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तुझ्या मोठ्या डॉक्टरांना गुपचूप दिलेली : ‘पुतणी अजून कच्ची आहे, सुरी तुम्हीच धरा.’ त्यांनी ती सरळ फाइलला लावली. आत जाण्याआधी तू फाइलमधला कागद न् कागद वाचून सही करतेस, असं नर्सबाई म्हणाल्या. माझ्या चिठ्ठीखालीही तुझी सही आहे. ऑपरेशनच्या दिवशीची, सकाळी सात दहाची. ते वाचून तू आत गेलीस, आणि तुझा हात हलला नाही.

माफ कर, मुंगे. या वेळी पत्र थेट तुलाच पाठवतोय.

तुझाच,
जिभेला हाड नसलेला काका