नावाडी नको म्हणाला होता

प्रिय मुकुंदा,

काल तुझं तेरावं झालं. पाहुणे सकाळच्या गाडीनं गेले आणि घर एकदम गप्प झालं, म्हणून हे लिहायला बसले. उद्या संध्याकाळी इथं बंगळूरला, जयनगरच्या आपल्या मराठी मंडळात तुझी शोकसभा आहे. मुख्य भाषण माझं. वीस वर्षं व्यासपीठावर बोलते आहे, पण उद्याच्या सभेची मला भीती वाटते, आणि का वाटते ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

आज सकाळी मंडळाचे चिटणीस नाडगौडा काका चार-पाच तरुणांना घेऊन आले होते. "अक्का, तुम्ही फक्त बोला, पुढचं आम्ही बघतो," त्यातला एक म्हणाला. मी विचारलं, "पुढचं म्हणजे काय रे?" ते सगळे एकमेकांकडे बघून हसले. काका चहाच्या कपात बघत राहिले.

तुला ठाऊक आहे, मंडळाच्या मागच्या गल्लीत तो तमिळ इस्त्रीवाला सेल्वम राहतो. तुझे शर्ट तोच करायचा. परवापासून त्याची गाडी कोपऱ्यावर लागलेली नाही. काल मी त्या गल्लीतून आले, तर त्याच्या बायकोनं मला पाहून दार लावून घेतलं. मला पाहून, मुकुंदा! जिच्या बाळंतपणात आईनं डबे पोचवले, ती बाई मला घाबरली!

कारण सगळ्या गावात एकच बोललं जातंय. तमिळ नावाड्यानं आपला मुलगा बुडवला. कावेरीच्या पाण्यावरून कर्नाटक आणि तमिळनाडू, दोन्हीकडची डोकी आधीच तापलेली, त्यात हे आयतं मिळालं. आणि ते खोटं आहे हे मला माहीत आहे.

तू माझं का ऐकलंस रे? तू तर म्हणाला होतास, "अक्का, पुढच्या महिन्यात जाऊ की. स्वल्प शांत होऊ दे." कावेरीवरचा होगेनक्कलचा धबधबा बघायचं वेड तुझं, नवी सॅक घेतलीस तू, आणि तूच थांबायला तयार होतास. मी नव्हते. "चार टाळकी रस्त्यावर टायर जाळतात म्हणून आपण घरात बसायचं? नदी काय सरकारी कचेरी आहे, बंद असायला?" स्वयंपाकघरात उभी राहून मी तुझ्यासमोर सभा घेतली. तू हात जोडलेस. "अध्यक्षमहोदय, ठराव मंजूर. चला."

अत्तिबेलेला, तमिळनाडूच्या सीमेवर, बस थांबली ती थांबलीच. पुढं एकही गाडी सोडत नव्हते. पाठीवर सॅक घेऊन आपण पायी सीमा ओलांडली. अलीकडच्या पोलिसानं विचारलं, "एल्लिगे?" कुठं? तू म्हणालास, "धबधबा बघायला." तो आपल्याकडे असा बघत राहिला, जसे काही आपण वेडेच आहोत. मधला तो रिकामा रस्ता, फुटलेल्या काचा, दोन्ही बाजूंना बंद दुकानं! मला तेव्हा भय वाटायला हवं होतं. मला अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी पाण्यावर पोचलो. तो आवाज आठवतो? बोलायला कानाशी तोंड न्यावं लागत होतं. पाणी गढूळ, मातीच्या रंगाचं. आणि काठावर त्या टोपल्यांसारख्या गोल होड्या, एकूण एक पालथ्या घातलेल्या. तू ते बघितलंस. मीही बघितलं. फक्त तू विचार केलास.

पेरुमाळ त्याचं नाव. पन्नाशीचा असेल. मी कन्नडमध्ये बोलले, त्यानंही कन्नडमध्येच उत्तर दिलं. "बेडा अक्का. नीरु सरी इल्ला." नको अक्का, पाणी बरं नाही. त्यानं प्रवाहातून येणारा हिरवा पाला दाखवला. वर डोंगरात मोठा पाऊस झाला की ओली पानं आधी येतात आणि पाणी मागून येतं. हिरवा पाला दिसला की आम्ही होड्या पालथ्या घालतो, माझ्या आजोबांपासूनची रीत आहे, तो म्हणाला.

किती सरळ बोलला तो माणूस! आणि मी काय ऐकलं? कन्नड बोलणाऱ्यांना हा नेत नाही, एवढंच. चार पिढ्या बंगळूरमध्ये काढलेल्या माणसांचं हेच होतं बघ. इथं कुणी मराठी म्हणून नाही म्हणालं, तिथं कुणी कन्नड म्हणून नाही म्हणालं. आता कुणी साधं नाही म्हणालं तरी आम्हाला त्यामागं भाषाच दिसते.

मग माझी जीभ सुटली. बाकीचे नावाडी जमले. त्यांच्यासमोर मी त्या माणसाला विचारलं, "पाण्यालाही जात आणि भाषा असते का? ही नदी कुठून येते ठाऊक आहे? तिनं तुम्हाला कधी नाही म्हटलं? तुम्ही माणसं भित्री, आणि वर द्वेष करता!" तू माझी बाही ओढलीस. "अक्का, पुरे. काठावरूनही छान दिसतंय." मी हात झटकला. गर्दीतला एक जण तमिळमध्ये काहीतरी बोलला आणि बाकीचे हसले. पेरुमाळची मान खाली गेली. तो उठला आणि त्यानं होडी सुलटी केली.

मी जिंकले होते, मुकुंदा. माझं भाषण आजवर इतकं कधी लागू पडलं नव्हतं.

बसताना तो म्हणाला, पाठीवरचं ओझं उतरवा, काठावर ठेवा. आणि मी तुला मराठीत सांगितलं, "सॅक काढू नकोस. इथं आपल्याला कोण ओळखतं? चोरीला जाईल." तू काढलेला पट्टा पुन्हा लावलास. हे कुणालाच माहीत नाही. आईलाही नाही.

पाणी आलं तेव्हा होडी भोवऱ्यातल्या पानासारखी फिरली. पेरुमाळचा एक हात माझ्या दंडाला होता आणि दुसऱ्या हातानं तो तुझ्या सॅकचा पट्टा पकडू बघत होता. तू छातीवरचं बक्कल सोडवत होतास. मी ते बघितलं. तुझी बोटं बघितली. मग तिथं नुसतं पाणी होतं.

चौकीत मला विचारलं, "पाणी चढलेलं असताना यानं तुम्हाला नेलं?" मी म्हणाले, "हो." एकच शब्द. खोटाही नव्हता. त्या एका शब्दावर तो माणूस कोठडीत आहे. काठावरचे सगळे खरं सांगतायत, पण ते त्याच्याच गावचे, त्यांचं कोण ऐकतो?

आई रोज दिवा लावताना त्याला शाप देते. मी शेजारी उभी असते, हात जोडून.

भाषण लिहून ठेवलंय मी. वाईट वाटून घेऊ नकोस, पण फार चांगलं झालंय. काकांनी वाचलं तेव्हा त्यांचे डोळे भरले. कुठं लोक स्तब्ध होतील, कुठं मुठी आवळतील, कुठल्या वाक्याला मागच्या रांगेतली मुलं उठून उभी राहतील, ते मला नेमकं माहीत आहे. आणि तिथून सेल्वमचं दार किती पावलांवर आहे, तेही.

तुला वचन देते. ते कागद मी आत्ता फाडते आहे. उद्या सभा तापायच्या आधी, पहिल्याच दमात सांगेन: तो नको म्हणाला होता, मी त्याला भाग पाडलं, सॅक मीच काढू दिली नाही. मराठीत सांगेन आणि मग कन्नडमध्येही. मुलं ओरडतील, ओरडू देत. मला खाली ओढतील, ओढू देत. परवा सीमेपलीकडच्या त्या चौकीत जाऊन माझा जबाब बदलेन, पायी जावं लागलं तरी.

पण आईला हे सभेत कळता कामा नये. ती आत तांदूळ निवडते आहे. "स्वल्प काही खाऊन घे गं," म्हणून आत्ताच हाक मारली तिनं. आता मी आत जाते, आणि तिच्या हातातलं सूप खाली ठेवून तिला सांगते. त्यानंतर ती मला पुन्हा हाक मारेल की नाही, मला माहीत नाही.

तुझं न ऐकलेली,
अक्का